तीन देश, एक बटवा : तालिन ते विल्नियस

ताईने चौतीस वर्षं बँकेचा कॅश काउंटर सांभाळला. नाणं हातात आलं की आजही तिचा अंगठा आधी कडेवरून फिरतो, मग नजर छाप्यावर जाते. निवृत्तीनंतर कुठे जायचं असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सीमा ओलांडली तरी पैसे बदलावे लागत नाहीत, ते कसं चालतं ते मला एकदा बघायचंय."

युरो वापरणारे देश आता २१ आहेत. १ जानेवारी २०२६ ला आलेला बल्गेरिया हा त्यातला सगळ्यात नवा. आम्ही मात्र बाल्टिकच्या काठावरचे तीन निवडले. एस्टोनियाने २०११ मध्ये युरो घेतला, लाटव्हियाने २०१४ मध्ये, लिथुआनियाने २०१५ मध्ये. तिन्ही देश लहान, एकाखाली एक आणि ट्रेनने जोडलेले. शिवाय तिथल्या पन्नाशीच्या माणसाने सोव्हिएत रुबल, मग आपल्या देशाचं चलन आणि मग युरो, असं सगळं एकाच आयुष्यात हाताळलेलं असतं. व्हिसा, विमान आणि हॉटेलं यांबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, त्यामुळे थेट एस्टोनियाच्या राजधानीत, तालिनला येते.

दिवस पहिला : तालिन

मे संपत आला होता, तरी विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा हवा नऊ अंशांची होती आणि समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. लायलॅकच्या कळ्या नुकत्या रंग धरत होत्या. संध्याकाळ मात्र संपता संपेना. रात्री दहा वाजता कोहतुओत्साच्या सज्ज्यावर उभं राहून आम्ही लाल कौलं, चर्चचे सुळके आणि पलीकडचं बंदर बघत होतो आणि अजून उजेड होता.

जेवायला काळी राय ब्रेड, लोणी आणि मशरूमचं सूप घेतलं. ब्रेडला किंचित आंबट-गोड वास होता, ताईने तीन तुकडे नुसतेच खाल्ले. रोख पैसे दिल्यावर मूठभर मोड परत आली. खोलीवर गेल्यावर तिने ती पलंगावर ओतली आणि काउंटर बंद करताना करायची तशी चळती लावायला घेतली. फक्त या वेळी किमतीप्रमाणे नाही, देशांप्रमाणे. फिनलंडचा सिंह, जर्मनीचा गरुड, आयर्लंडची वीणा, एस्टोनियाचा नकाशा.

युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी असते, तिथे किंमत लिहिलेली असते. दुसऱ्या बाजूचा छापा ज्या त्या देशाचा. छापा कुणाचाही असला तरी नाणं सगळ्या देशांत चालतं. तालिनमध्ये सिंह खूप दिसतात, कारण हेलसिंकी खाडीपलीकडे, बोटीने दोनेक तासांवर. माणसं ये-जा करतात आणि त्यांच्या खिशातून नाणीही. ताईने त्या रात्री ठरवलं की रोजच्या मोडीचा हिशोब वहीत लिहायचा.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. एस्टोनियात २०२५ पासून रोखीच्या बिलाची एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटांपर्यंत वर किंवा खाली नेतात. ७.४८ चं बिल असेल तर ७.५० घेतील, ७.४२ असेल तर ७.४०. कार्डाने दिलं तर नेमकी रक्कम जाते. दुकानदार फसवतोय असं समजून वाद घालू नका, आमच्या शेजारच्या टेबलावर तेच चाललं होतं.

दिवस दुसरा : तालिन

सकाळी एस्टोनियाच्या मध्यवर्ती बँकेचं संग्रहालय. आम्ही दोघी आणि एक शाळेची सहल, एवढेच लोक होते. काचेमागे क्रोनच्या, म्हणजे युरोआधीच्या एस्टोनियन चलनाच्या, नोटा होत्या. पाच क्रोनच्या नोटेवर पॉल केरेस हा बुद्धिबळपटू, शंभरच्या नोटेवर कवयित्री लिडिया कोइदुला. राजा नाही, सेनापती नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी ज्या नोटा कधी वापरल्याच नाहीत, त्यांच्यापुढे ती नाक लावून उभी होती.

तिथल्या बाईंनी २० जून १९९२ ची गोष्ट सांगितली. सोव्हिएत संघातून फुटलेल्या देशांमध्ये रुबल सोडणारा एस्टोनिया पहिला. प्रत्येक माणसाला १५०० रुबल देऊन १५० क्रोन मिळत होते, दहाला एक. आठ क्रोन म्हणजे एक जर्मन मार्क, असा दर बांधून टाकला होता. त्या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. "रांगेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं," त्या म्हणाल्या, "मतदानाला आल्यासारखे सगळे उभे होते."

"मग ते इतकं हौसेने मिळवलेलं चलन वीस वर्षांत सोडलंत कसं?" ताईने विचारलं.

"ते आधी मार्कला बांधलेलं होतं, मग युरोला. दोरी तीच राहिली, आम्ही फक्त होडीत चढून बसलो."

बाहेर आल्यावर ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरोबर आहे. दर बांधलेला असेल तर निर्णय दुसरीकडेच होतात. निदान आता त्या टेबलावर यांची खुर्ची तरी आहे."

दुपारी स्टेशनशेजारच्या बाल्टी याम बाजारात कामा खाल्लं. भाजलेल्या बार्ली, राय, ओट आणि वाटाण्याचं पीठ आंबट दह्यात कालवतात. चव सातूच्या पिठाच्या इतकी जवळची की आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. नंतर कालामायातल्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून पाऊस येईपर्यंत फिरलो.

दिवस तिसरा : तार्तू आणि वाल्गा

तार्तूला दोन तासांत पोचलो. १६३२ सालचं विद्यापीठ आणि नदीकाठ बघून पुढची गाडी धरली. बर्च, पाइन, मध्येच एखादं तलम धुकं धरलेलं शेत. वाल्गाला उतरून गाव बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीने लाटव्हियाची राजधानी रीगा गाठायचं, असा बेत होता.

वाल्गा आणि वाल्का हे मुळात एकच गाव. १९२० मध्ये एस्टोनिया आणि लाटव्हिया यांचं या गावावरून जमेना, तेव्हा ब्रिटिश कर्नल स्टीफन टॅलेंट्स यांनी मधून रेघ मारून दिली. ती रेघ आजही सीमा आहे, वाल्गा एस्टोनियात, वाल्का लाटव्हियात. डिसेंबर २००७ मध्ये शेंगेन करारामुळे तपासणी नाके उठले. आता एका ओढ्यापाशी सीमेवर झोका टांगलेला आहे, एका हेलकाव्यात माणूस एस्टोनियातून लाटव्हियात जाऊन परत येतो. ताई त्यावर बसली आणि उतरायला तयार होईना. दोन लहान मुली शेजारी येऊन थांबल्या तेव्हाच उठली. आम्ही स्टेशनवर पोचलो तर गाडी सुटून दहा मिनिटं झाली होती आणि त्या दिवशी दुसरी नव्हती.

ती गाडी चुकली म्हणून या प्रवासातली सगळ्यात चांगली संध्याकाळ आम्हाला मिळाली. वाल्गातल्या एका जुन्या लाकडी घरात खोली मिळाली. घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. इंग्रजी हळू, पण नेमकं. त्यांनी रुबार्बचा केक कापला, चहा ठेवला. ताईने वहीतला नाण्यांचा हिशोब दाखवल्यावर त्या उठून आतून एक चामड्याचा बटवा घेऊन आल्या. दोन खणांचा, मधली शिवण झिजलेली.

त्यांची बहीण पलीकडे वाल्कात राहते, चालत पंधरा मिनिटं. आधी एका खणात क्रोन, दुसऱ्यात लाटव्हियाचे लाट्स. २०११ ला एस्टोनियाने युरो घेतला, तेव्हा पहिल्या खणात युरो आले, पण लाट्स तसेच राहिले. तीन वर्षं एकाच गावात दोन पैसे. बहिणीकडे दूध आणायला जाताना दोन्ही खण बघून निघावं लागे.

"बहीण मला चिडवायची," बाई म्हणाल्या. "एका युरोला पंधरा क्रोनपेक्षा जास्त पडले, माझा पगार आकड्यात एवढासा झाला. तिचा एक लाट म्हणजे जवळजवळ दीड युरो! २०१४ च्या नवीन वर्षाला तिचा पगार आकड्याने वाढला, तरी ती रडली. मी हसत होते. माझा एक खण रिकामा झाला होता ना."

हा हिशोब ताईने लगेच कागदावर मांडला. एका युरोला एस्टोनियाचे १५.६४६६ क्रोन, लिथुआनियाचे ३.४५२८ लितास, पण लाटव्हियाचे ०.७०२८०४ लाट्स. म्हणजे एस्टोनिया आणि लिथुआनियात सगळे आकडे आकसले, लाटव्हियात फुगले. माल तोच, कष्ट तेच. पण दुकानात शिरणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल, ते या तीन देशांत वेगळं.

दिवस चौथा : वाल्का, मग रीगा

सकाळी बाईंबरोबर पलीकडे गेलो. सीमा ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर दारूची दुकानं, आणि बाहेर एस्टोनियाच्या नंबरप्लेटच्या गाड्या. एस्टोनियात अबकारी कर जास्त आहे, व्हॅटही २४ टक्के, लाटव्हियात २१. पूर्वी किंमत ताडून बघायला मनात गुणाकार करावा लागायचा. आता दोन्हीकडच्या पाट्यांवर युरोच लिहिलेले असतात, त्यामुळे फरक शाळकरी पोरालाही दिसतो. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली. चलन एक झालं म्हणजे सगळं एक झालं, असं लांबून वाटतं. जवळ गेल्यावर दिसतं की कर ज्याचे त्याचे, पगार ज्याचे त्याचे, पेन्शनही ज्याची त्याची. एकच फूटपट्टी हातात आली की कोण किती उंच, ते लपत नाही.

बाईंनी निघताना ताईच्या हातात एक क्रोनचं नाणं ठेवलं. तिन्ही देशांच्या मध्यवर्ती बँका जुनं चलन आजही मुदतीची अट न घालता, ठरलेल्या दराने बदलून देतात. "पण तुम्ही बदलू नका," त्या म्हणाल्या.

वाल्गाहून रीगापर्यंत तीनेक तास. गाड्या दिवसाला मोजक्याच, म्हणून वेळापत्रक आधी बघा आणि झोक्यावर बसण्याआधी घड्याळ बघा. त्सेसिसपासून सिगुल्दापर्यंत उतारूंची गर्दी होती, सगळ्यांच्या पाठीवर सॅक. आम्ही दोघी झोपलो.

दिवस पाचवा : रीगा

मध्यवर्ती बाजार पाच भल्यामोठ्या छपरांखाली भरतो. ही छपरं पहिल्या महायुद्धातल्या जर्मन झेपेलिन वायुजहाजांच्या शेडची, ती इथे आणून १९३० मध्ये बाजार उघडला. एका छपराखाली नुसते मासे, धुरावलेले, सोनेरी, दोरीला टांगलेले. दुसऱ्यात पिंपभर आंबवलेला कोबी, बाई काट्याने उचलून चाखायला देतात. शाकाहारी माणसाने इथे भूक ठेवून यावं. राय ब्रेडवर भांगेच्या बियांचं हिरवट लोणी लावून मिळतं, ओव्याच्या कुळातलं कॅरवे घातलेलं चीज मिळतं आणि मेअखेरीला सॉरेलच्या आंबट पानांच्या जुड्या सगळीकडे असतात.

ब्रेडच्या गाळ्यावर ऐंशीच्या घरातल्या आजी बसल्या होत्या. ताईने दोन युरोचं नाणं पुढे केलं आणि हात तसाच राहिला. आजींच्या कॉलरवर चांदीचा ब्रोच होता, आणि ब्रोचमध्ये नाण्यावरचाच चेहरा. डोक्याला पदरासारखा रुमाल, त्यातून सुटलेली वेणी, धान्याच्या लोंब्या.

आजींना इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या गाळ्यावरची मुलगी धावत आली आणि तिने सांगितलं. ही मिल्डा. १९२९ मध्ये पाच लाट्सचं चांदीचं नाणं निघालं, त्यावरचं चित्र रिहार्ड्स झारिन्श यांचं आणि समोर बसलेली मुलगी झेल्मा ब्रावेरे, नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्यात काम करणारी. १९४० मध्ये देश सोव्हिएत संघाने गिळला, लाट्स रद्द झाले. पण घरोघरी हे एक नाणं ठेवलं गेलं. कुणी पुरलं, कुणी शिवून ठेवलं, कुणी त्याचा ब्रोच केला. आजींचा ब्रोच त्यांच्या आईचा. २०१४ मध्ये लाटव्हियात युरो आला, तेव्हा एक आणि दोन युरोच्या नाण्यांवर मिल्डा आली.

आजींनी ताईच्या हातातलं नाणं घेतलं, तिला कड बघायला लावली. दोन युरोच्या लाटव्हियन नाण्याच्या कडेवर अक्षरं असतात, 'देवा, लाटव्हियाला आशीर्वाद दे' या अर्थाची. ताईच्या अंगठ्याला ती आधीच लागली होती. चौतीस वर्षं नाणी मोजलेली माझी बहीण त्या गाळ्यापुढे डोळे पुसत उभी राहिली. आजींनी ब्रेडचे पैसे नीट मोजून घेतले आणि एक लहान पाव वर दिला.

रात्री ज्याच्याकडे उतरलो होतो तो तिशीतला मुलगा आमच्याशी बोलत बसला. त्याची आठवण वेगळी होती. २००८ मध्ये लाटव्हियातली मोठी बँक कोसळली, देशाला नाणेनिधी आणि युरोपियन संघाकडून मदत घ्यावी लागली. तेव्हा लाट्स युरोला बांधलेला होता. दर सोडून दिला असता तर निर्यात स्वस्त झाली असती, पण लोकांची कर्जं युरोत होती, ती अंगावर आली असती. सरकारने दर धरून ठेवला आणि पगार कापले. त्याची आई नर्स. तिचा पगार घसरला, वडील कामासाठी आयर्लंडला गेले. "युरोत जायची किंमत आम्ही आत जायच्या आधीच भरली," तो म्हणाला.

आणि आता? त्याचं घराचं कर्ज युरिबोरला, म्हणजे बँका एकमेकींना युरोत कर्ज देतात त्या व्याजदराला, जोडलेलं आहे, इथे बहुतेकांचं तसंच असतं. २०२२ मध्ये या तिन्ही देशांत महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली, पण व्याजाचा दर फ्रँकफुर्टला, युरोपियन मध्यवर्ती बँकेत, सगळ्यांसाठी एकच ठरतो. तो इथल्या महागाईला पुरेसा नव्हता, तरीही हप्ता त्याच्या खिशाला फार झाला.

"परत लाट्स हवेत का?" मी विचारलं.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "नाही. आमची सीमा कुणाला लागून आहे ते नकाशात बघा. पैसे हा त्यातला एक भाग आहे."

ताई त्याच्याशी पूर्ण सहमत नव्हती. देशाला अडचणीच्या वेळी स्वतःचं चलन थोडं उतरू देता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. दोघांचं साडेअकरापर्यंत चाललं. मला दोघांचंही पटत होतं, आणि आईचा पगार कापला गेलेल्या मुलाचं जरा जास्त.

दिवस सहावा : रीगा ते विल्नियस

दिवसभर पाऊस. रीगा-विल्नियस थेट गाडी डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. चारएक तास लागतात, खिडकीची जागा आधी राखून ठेवा. मध्ये लिथुआनिया कधी लागला ते मोबाइलवर आलेल्या मेसेजवरून कळलं.

एटीएमबद्दल इथेच सांगते, कारण विल्नियसला पोचल्यावर आमचे चाळीसेक युरो जाता जाता वाचले. पर्यटकांच्या गल्लीतलं मशीन 'तुमच्या चलनात पैसे घेऊ का' असं विचारतं. दर वाईट असतो. नेहमी 'युरोमध्येच' हा पर्याय दाबा, कार्ड मशीनवरही. आणि शक्यतो बँकेच्या भिंतीतलं एटीएम वापरा.

दिवस सातवा : विल्नियस

ऊन पडलं आणि शहर एकदम हसलं. कॅथेड्रलच्या चौकात फरशीवर एक चौकोन आहे, त्यावर 'स्तेबुक्लास' म्हणजे चमत्कार असं कोरलंय. २३ ऑगस्ट १९८९ ला तालिनपासून इथपर्यंत सुमारे वीस लाख माणसं स्वातंत्र्यासाठी हातात हात घालून उभी राहिली होती. आम्ही सहा दिवसांत जवळपास त्याच रांगेच्या बाजूने खाली आलो होतो.

लिथुआनियाच्या मध्यवर्ती बँकेचं पैशांचं संग्रहालय मोफत आहे आणि अख्खी सकाळ द्यावी असं आहे. जुन्या एक सेंटाच्या दहा लाखांहून जास्त नाण्यांचा पिरॅमिड काचेत रचलेला आहे, युरो आल्यावर रद्द झालेली सगळी चिल्लर. ताई त्याच्याभोवती दोनदा फिरली. पण खरा धक्का नोटांच्या दालनात बसला. दोनशे लितासच्या नोटेवर लांब केसांचे, ऋषीसारखे दिसणारे गृहस्थ. नाव विदूनास. लेखक, तत्त्वज्ञ, थिऑसॉफिस्ट, शाकाहारी, आणि भगवद्गीता लिथुआनियन भाषेत नेणारे. एवढ्या लांब, बर्फाच्या देशात, गीता वाचणाऱ्या माणसाला लोकांनी नोटेवर बसवलं होतं!

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. २००६ मध्ये लिथुआनियाचा युरोसाठीचा अर्ज महागाईच्या निकषावर अगदी काठावर नाकारला गेला आणि नऊ वर्षं थांबावं लागलं. आणि २०१५ मध्ये हा एकोणिसावा देश आत आला, तेव्हापासून फ्रँकफुर्टच्या बैठकीत मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांना मताचा अधिकार पाळीपाळीने मिळू लागला. चर्चेला सगळे बसतात, मत देण्याची पाळी फिरती. तालिनला ताई म्हणाली होती ती खुर्ची आहे, पण दर बैठकीत हात वर करता येत नाही.

दुपारी हालेस बाजारात भाजीवाल्या काकांना युरोबद्दल विचारलं, तर त्यांनी फ्लॉवरचा गड्डा उचलून दाखवला. २०१६ च्या मे महिन्यात फ्लॉवर साडेतीन युरोच्या आसपास गेला, तेव्हा लोकांनी मोठ्या दुकानांवर बहिष्कार टाकला होता. महागाईची कारणं अनेक असतील, पण लोकांनी बोट युरोकडेच दाखवलं. "लितास असता तर?" ताईने विचारलं. काका म्हणाले, "तरी महागच असता. पण तो आमचा महाग असता."

जेवायला शाल्तिबार्श्चाई. बीट आणि ताकासारख्या केफिरचं थंड, झगझगीत गुलाबी सूप, वर शेपू, सोबत गरम उकडलेले बटाटे. उन्हात बसून याच्या दोन वाट्या सहज जातात. त्यात उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा.

दिवस आठवा : निघताना

सकाळी त्राकाईचा तळ्यातला किल्ला धावतपळत पाहिला. कराईम लोकांचे किबिनाई, म्हणजे भाजलेल्या करंज्या, पालक-चीजच्याही मिळतात. मग विमानतळ.

शेवटची सूचना. नाणी संपवून निघा, पैसे बदलणारे सहसा फक्त नोटा घेतात. ताईने बाकड्यावर सगळी मोड पसरली आणि वही उघडली. पहिल्या रात्री सिंह जास्त होते, रीगात मिल्डा, आता लिथुआनियाचा घोडेस्वार. पण पहिल्या दिवसाची आयरिश वीणा अजून तशीच होती, आठ दिवस तिला कुणी खर्चच केलं नव्हतं. तिने काळ्या ब्रेडची एक लादी घेतली, काउंटरवरच्या मुलाला चळत्या करून पैसे दिले, आणि तो मोजायच्या आत एकूण रक्कम सांगितली. त्याने मोजली, बरोबर होती. वीणा त्याच्या गल्ल्यात गेली. वाल्गाच्या बाईंचा क्रोन ताईने रुमालात बांधून वेगळा ठेवला होता.